तीन रजा आणि देवबागची पुळण : मित्रमंडळींसह विश्रांतीची सहल कशी आखावी

ठाणे आणि नवी मुंबईतील नोकरदार मित्रमंडळांत ‘कुठेतरी समुद्रकाठी जाऊन नुसते पडून राहू’ असा ठराव दर वर्षी एकमताने मंजूर होतो. प्रत्यक्षात मात्र तीन दिवसांत मालवण, आंबोली, सावंतवाडी आणि जमल्यास गोवा असा दौरा आखला जातो, आणि मंडळी निघाली होती त्याहून अधिक थकून परततात. आमच्या सहाजणांच्या गटाने, ज्यात तिघे ठाण्याचे आणि तिघे ऐरोली-नेरूळकडचे आहेत, ही चूक पुरेशा वेळा केलेली आहे. त्यानंतर आम्ही सहलीची यादी करताना काय पाहायचे याआधी काय पाहायचे नाही हे लिहून काढू लागलो. पुढील मार्गदर्शन त्याच पद्धतीचे आहे.

मुक्कामासाठी एकच गाव निवडावे आणि शेवटपर्यंत ते बदलू नये. मालवण तालुक्यातील तारकर्ली आणि त्याच्या पुढचे देवबाग ही आमची निवड आहे. देवबाग ही एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी यांच्यामध्ये पसरलेली माडांची चिंचोळी पट्टी आहे. त्यामुळे सकाळी समुद्र आणि सायंकाळी खाडी असे दोन्ही काठ पायी गाठता येतात आणि वाहनाची गरज फारशी उरत नाही. अलिबाग-काशीद जवळ असले तरी शनिवार-रविवारी तिकडे जाणे म्हणजे घोडबंदर रोडची गर्दी किनाऱ्यावर नेऊन ठेवणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

हंगाम आणि तिथी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ हवेच्या दृष्टीने सर्वोत्तम असतो. एप्रिल-मे महिन्यांत उकाडा घामाघूम करतो, परंतु हापूस, करवंदे आणि जांभळे यांचा मोह असणाऱ्यांनी तो सोसण्यास हरकत नाही. पावसाळ्यात समुद्र पोहण्यायोग्य नसतो आणि सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात. शिवाय १ जून ते ३१ जुलै या काळात राज्यात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असल्याने ताज्या मासळीच्या आशेवर जाणाऱ्याचा हिरमोड होतो. गणपती, शिमगा आणि नाताळ ते नववर्ष हे दिवस टाळावेत. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्राही मालवण तालुक्यातच भरते. तिची तारीख पंचांगावरून ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये जायचे असल्यास ती जाहीर झाली आहे का, हे मुक्कामाच्या घरमालकांना आधी विचारावे. त्या दोन-तीन दिवसांत रेल्वेत आणि गावात जागा मिळणे अवघड होते.

बहुतेक लोक महिना ठरवून थांबतात. मी मात्र तिथीही पाहतो, आणि त्यामागे कोणताही धार्मिक हेतू नाही. आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा जुना ढोबळ हिशेब असा आहे की, पंधरवड्यातील तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास आणि अष्टमीला सहाच्या सुमारास भरती असते, तर पौर्णिमा व अमावास्येला ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी असते. याचा सरळ अर्थ असा की, पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपास गेल्यास पहाटे सहा-सातला पाणी ओसरलेले असते आणि चालण्यासाठी रुंद, घट्ट, ओली पुळण मिळते. अष्टमीच्या सुमारास गेल्यास त्याच वेळी लाटा किनाऱ्याच्या वरच्या अंगापर्यंत येतात आणि मऊ वाळूत पाय रुतवत चालावे लागते. पौर्णिमेला चांदणे हा अधिकचा लाभ असतो. मात्र याच दिवसांत समुद्राला उधाण असते आणि ओढ वाढलेली असते, हे पोहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

गाडी

स्वतःच्या मोटारीने जाऊ नये, असा माझा आग्रह आहे. ठाण्याहून मालवण साडेचारशे किलोमीटरहून अधिक आहे आणि गटातील जो गाडी चालवतो त्याची विश्रांती येण्याजाण्यातच संपते. मंगळवारी रात्री कोकणकन्या एक्स्प्रेसने निघून बुधवारी सकाळी कुडाळला उतरावे, बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार या तीन रात्री मुक्काम करावा आणि शनिवारी दिवसा मांडवी एक्स्प्रेसने परत यावे. यात रजा तीनच पडतात आणि रविवार घरी मिळतो. कुडाळ स्थानकाबाहेरून रिक्षा ठरवून किंवा एसटीने मालवण गाठता येते. सहाजणांसाठी घरमालकांनाच मोठी गाडी पाठवण्यास सांगणे सोयीचे पडते.

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी आठ वाजता खुले होते आणि कोकणच्या गाड्यांसाठी त्या दिवशी आठच्या ठोक्याला तयार असावे लागते. आता ठाणे आणि नवी मुंबईच्या मिश्र गटासाठी एक खास सूचना. कोकणकन्या ठाण्याला मध्यरात्रीपूर्वी येते आणि पनवेलला मध्यरात्रीनंतर. म्हणजे गाडी तीच असली तरी ठाण्याहून चढणाऱ्याची तारीख मंगळवारची आणि पनवेलहून चढणाऱ्याची बुधवारची असते. एका वर्षी मी पनवेलहून चढणाऱ्या नवी मुंबईच्या तिघांची तिकिटे भाबडेपणाने मंगळवारच्या तारखेची काढली. ती गाडी त्यांच्यासाठी आदल्या रात्रीच निघून जाणार होती. चूक चार दिवस आधी ध्यानात आली म्हणून निभावले, पण त्यांना अखेरीस दिवसाच्या गाडीने बसून यावे लागले आणि त्यांच्या वाट्याचे दोन वेळचे जेवण आम्हालाच संपवावे लागले. सर्वांचे आरक्षण ठाण्यापासून एकत्र करून नवी मुंबईकरांनीही ठाण्यालाच यावे, हा उपाय सर्वांत निर्धोक आहे.

घर

घर निवडताना छायाचित्रांवर विसंबू नये. दूरध्वनी करून चार गोष्टी विचाराव्यात: अंगणातून थेट पुळणीवर जाता येते की मध्ये रस्ता ओलांडावा लागतो, वीज गेल्यास पंख्यासाठी इन्व्हर्टर आहे का, पिण्याचे पाणी कोणते आहे, आणि स्वयंपाक घरातच होतो का. चौथ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर दुसरे घर पाहावे. पडवी किंवा माडांच्या सावलीतील खळे (अंगण) असेल तर खोली लहान असली तरी चालते, कारण गजाली, म्हणजे गप्पा, तिथेच रंगतात.

जेवण

आमच्या सहलीचा मुख्य कार्यक्रम जेवण हाच असतो आणि त्याची आखणी मी निःसंकोच बारकाईने करतो. घरगुती निवासात दुपारच्या जेवणाचे सकाळी नऊच्या आत आणि रात्रीच्या जेवणाचे दुपारी सांगावे लागते. मासळी त्यानंतर आणली जाते, नारळ त्यानंतर खवला जातो. काय हवे यापेक्षा ‘वहिनी, आज काय चांगले मिळाले आहे?’ असे विचारणे केव्हाही शहाणपणाचे ठरते. पापलेट आणि सुरमई ही मुंबईकरांची ठरलेली मागणी असते आणि तिचा दरही आकारमानानुसार चढत जातो. याउलट बांगडा, मुडदुशे, तारली, पेडवे यांसारखी मासळी स्वस्त असते आणि मालवणी हाताला ती अधिक चांगली वश आहे. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ असते. ते रश्शाला वास देण्यासाठी असते, चावण्यासाठी नाही, त्यामुळे पहिल्यांदा खाणाऱ्यांना तशी पूर्वसूचना द्यावी. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, सुक्या खोबऱ्यापेक्षा ओल्या नारळातच मागाव्यात.

तीन दिवसांची वाटणी आम्ही पुढीलप्रमाणे करतो. पहिल्या दिवशी दुपारी साधे माशाचे ताट घ्यावे, कारण रात्रभराच्या रेल्वेप्रवासानंतर पोट तयार नसते. कोंबडी-वडे एकदाच आणि तेही दुपारी खावेत. रात्री खाल्ल्यास झोपेचा बोजवारा उडतो आणि दुसऱ्या दिवशीची न्याहारी वाया जाते. गुरुवारी मासे न खाणारा सदस्य जवळपास प्रत्येक गटात असतो. त्याला बटाट्याच्या भाजीवर ठेवण्याऐवजी संपूर्ण गटाने तो दिवस शाकाहारी करावा, असे मी सुचवीन. काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या, फणसाच्या हंगामात फणसाची भाजी, उन्हाळ्याच्या तोंडाला ओल्या काजूगरांची उसळ असे ताट समोर आल्यावर आमच्यातील कट्टर मासेखाऊंनीही तक्रार केलेली नाही. न्याहारीला घावन आणि ओल्या खोबऱ्याची चटणी पुरेशी होते. पोट जड झाल्यास एका रात्री उकड्या तांदळाची पेज, लोणचे आणि भाजलेला सुका बांगडा एवढेच मागावे. हे पदार्थ पाहुण्यांना कसे द्यायचे म्हणून घरच्यांना संकोच वाटतो, पण आग्रह धरल्यास मिळतात.

स्वतः मासळी निवडण्याची हौस असेल तर मालवणच्या बंदरावर होड्या परतल्यानंतर लागणारा लिलाव पाहण्यास जावे. माशाचे डोळे स्वच्छ व फुगीर असावेत, कल्ले उचलून पाहिल्यावर लालभडक दिसावेत आणि बोटाने दाबल्यावर पडलेला खड्डा लगेच भरून यावा. लिलावात आपण बोली लावू नये. तो व्यापाऱ्यांचा आणि कोळणींचा व्यवहार असतो. त्यांनी घेतलेल्या टोपलीतून नंतर किरकोळ विकत घ्यावे.

दिवस

पहाटेची फेरी ओहोटीच्या वेळेनुसार ठेवावी. नशीब असेल तर रापण पाहायला मिळते: होडीने अर्धवर्तुळात सोडलेल्या जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसांच्या रांगा ओढत आणतात. कोणी ‘या, हात लावा’ म्हटले तरच दोराला हात लावावा. मध्येच उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्यांमुळे त्यांच्या कामाचा खोळंबा होतो. अकरा ते चार या वेळेत उन्हात जाऊ नये. जेवण, वामकुक्षी, पत्ते आणि पुस्तक यांत हा वेळ जातो आणि तो तसाच गेला पाहिजे. गटातील एखादा उत्साही सदस्य या वेळी ‘आता काय करायचे?’ असे विचारतोच. त्याला नारळ सोलायला बसवावे.

दर दिवशी फार तर एक कार्यक्रम असावा. एका सकाळी सिंधुदुर्ग किल्ला पाहावा. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचे बांधकाम सुरू केले आणि आत राजाराम महाराजांनी उभारलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. होडी लागत असेल तर गोळी बसण्यापूर्वी अर्धा तास घ्यावी. हिवाळ्यात जवळच्या गावात जत्रा असल्यास रात्री दशावतार पाहावा आणि दुसऱ्या सकाळची फेरी निमूटपणे रद्द करावी.

पोहण्याच्या बाबतीत मात्र सैलपणा चालणार नाही. कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमाजवळ कोणत्याही परिस्थितीत पाण्यात उतरू नये, कारण तिथे दोन्ही पाण्यांची ओढ एकत्र येते. सूर्यास्तानंतर किंवा मद्य घेतल्यानंतर कमरेइतक्या पाण्यातही जाऊ नये. किनाऱ्यालगत लाटा फुटत असताना मध्येच एखादा शांत, गढूळ पट्टा दिसल्यास तिथून पाणी आत ओढले जात असते. अशा प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाहेर पडावे आणि मग लाटांबरोबर परत यावे. कोण पाण्यात आहे हे मोजण्यासाठी एकाने बाहेर बसावे आणि ही पाळी बदलत ठेवावी.

हिशेब आणि परतीचे सामान

निघण्यापूर्वी प्रत्येकाकडून सारखी रक्कम घेऊन एकाच्या हाती द्यावी आणि सर्व खर्च त्यातून करावा. मद्य व वैयक्तिक खरेदी त्यातून वगळावी, म्हणजे न पिणाऱ्याच्या मनात किल्मिष राहत नाही. दर चहामागे हिशेब वाटून घेणारे ॲप उघडणारा मित्र कितीही प्रामाणिक असला तरी त्याचा मोबाइल तीन दिवस बॅगेत ठेवायला लावावा.

परतताना काजू आणि मालवणी खाजे कोणीही आणतो. आमच्याकडे मुख्य मागणी कोकमाच्या आगळाची, म्हणजे घट्ट रसाची, असते, कारण त्यामुळे ठाण्यातही सोलकढी करता येते. नारळाच्या घट्ट दुधात आगळ, ठेचलेली लसूण व हिरवी मिरची, मीठ आणि कोथिंबीर घालावी. ती गरम मात्र करू नये, दूध फाटते. आगळाची बाटली काठोकाठ भरलेली घेऊ नये. झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा लावून, दोन पिशव्यांत बांधून ती उभी ठेवावी आणि कपड्यांच्या बॅगेत चुकूनही घालू नये. गेल्या खेपेस ती माझ्या बॅगेत होती, आणि सोमवारी कार्यालयात घालायचा पांढरा सदरा तेव्हापासून फक्त होळीला उपयोगी पडतो.