एचआयव्ही कळलेला माणूस आधी तुमच्याकडे आला तर: कीर्तनकार, पाद्री, मौलाना यांच्यासाठी

कार्ल बीन हे अमेरिकेतले काळे, समलिंगी पाद्री. जन्म १९४४ चा, बाल्टिमोरचा. किशोरवयात त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला होता. पुढे ते गॉस्पेल गायक झाले, लॉस एंजेलिसमध्ये युनिटी फेलोशिप चर्च उभं केलं आणि १९८५ मध्ये काळ्या आणि इतर अल्पसंख्य रुग्णांसाठी मायनॉरिटी एड्स प्रोजेक्ट सुरू केला. त्या वर्षांत अनेक पाद्री एड्सला देवाची शिक्षा म्हणत होते. बीन यांचं म्हणणं एवढंच, की देव म्हणजे प्रेम आणि ते सगळ्यांसाठी आहे. २०२१ मध्ये ते गेले. प्रवचन आणि सेवा त्यांनी वेगळी ठेवली नाही. नाशिकमध्ये हे काम कसं करायचं, ते पुढे.

माणूस बोलत असताना ‘कसं झालं?’ हे विचारू नका. तपासणी झाली आहे का आणि गोळ्या सुरू आहेत का, एवढंच विचारा. त्याच्या परवानगीशिवाय आईवडिलांनाही सांगायचं नाही. प्रार्थनेच्या यादीत किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव टाकलं, की गावभर झालंच समजा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं गोपनीयता हा त्याचा हक्क आहे.

तपासणी सरकारी आयसीटीसीमध्ये (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) मोफत होते, आधी आणि नंतर समुपदेशन मिळतं. वेगवेगळ्या तीन किटवर रिॲक्टिव्ह (म्हणजे संसर्गाची खूण) आल्यावरच पॉझिटिव्ह म्हणतात. खासगी लॅबच्या एका रिपोर्टवर कुणाला रडू देऊ नका. निगेटिव्ह आला पण धोक्याचा संबंध अलीकडचा असेल, तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. संबंध येऊन ७२ तास उलटले नसतील तर तपासणीची वाट न पाहता तडक सरकारी रुग्णालय गाठायचं: प्रतिबंधक गोळ्या २८ दिवस घ्याव्या लागतात, आणि जितक्या लवकर तितकं बरं. कुठे जायचं हे १०९७ या मोफत हेल्पलाइनवर कळतं.

नाशिकला एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात ते केंद्र, जिल्हा रुग्णालयात आहे. सोबत जाणार असाल तर साध्या कपड्यांत जा. तुमच्या फेट्याकडे किंवा झग्याकडे लोक बघतात, आणि मग त्याच्याकडेही. सीडी-४ (रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी) कमी होईपर्यंत थांबायची पद्धत २०१७ पासून बंद आहे, निदान झालं की उपचार सुरू. खोकला किंवा ताप असेल तर तो आधी सांगायला लावा. तो टीबी असू शकतो, आणि टीबीच्या औषधांसोबत एचआयव्हीच्या गोळीचा डोस बदलावा लागतो.

गोळी बहुतेकांना दिवसातून एकच, ठरल्या वेळी. झोप उडत असेल तर डॉक्टरांना विचारून सकाळी घ्यावी. ती उपाशीपोटी चालते, त्यामुळे रोजा असेल तर सहेरी किंवा इफ्तारला घेता येते. एकादशीला गोळी चुकवणारे पुष्कळ. ‘गोळीनं उपास मोडत नाही’ हे वाक्य व्यासपीठावरून तुम्ही म्हटलंत तर डॉक्टरांपेक्षा जास्त ऐकलं जाईल. अ‍ॅसिडिटीचं औषध गोळीच्या दोन तास नंतर किंवा सहा तास आधी. लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून घ्यावं, आणि भस्मंही दाखवल्याशिवाय नकोत, कारण धातू औषधाला धरून ठेवतात आणि ते अंगात भिनत नाही. अंगारा द्यायचा असेल तर द्या, पण गोळ्या थांबवा असं कधीही म्हणू नका. थांबवल्या की विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधालाही दाद देईनासा होऊ शकतो.

अंबड-सातपूरच्या कंपनीत शिफ्टवर असलेला किंवा द्राक्षबागेत रोजंदारीवर असलेला माणूस महिन्याला रजा टाकू शकत नाही, आणि गोळ्या सुटण्याचं मोठं कारण हेच. प्रकृती स्थिर असेल तर एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात. मागायला संकोच करू देऊ नका.

मुलगा समलिंगी असेल तर आईवडील तुमच्याकडे ‘लग्न लावून टाकू का’ म्हणून येतील. नाही म्हणा, स्पष्ट. त्यानं दोन घरं मोडतात. संमतीनं प्रौढांमधले समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ पासून गुन्हा नाहीत, हेही सांगा.

कीर्तनात ‘पापाचं फळ’ नको. ‘निष्पाप बळी’ही नको: बायकोमुलांना निष्पाप म्हटलं, की समोर बसलेला एखादा न बोलता दोषी ठरतो आणि तपासणीला जातच नाही. त्याऐवजी सांगा, की नियमित गोळ्यांनी रक्तात विषाणू सापडेनासा झाला, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. हे व्हायरल लोड तपासणीत, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते मोजणाऱ्या तपासणीत, कळतं. पहिली तपासणी साधारण सहा महिन्यांनी असते. पहिल्या आठवड्यात सगळे सोबत असतात, या तारखेला मात्र कुणी नसतं. ती तुमच्या वहीत लिहून ठेवा आणि आदल्या दिवशी फोन करा.