हप्ते थकलेली गाडी लिलावात घेताना: आधी कागद, मग इंजिन

हप्ते थकले की बँक किंवा फायनान्स कंपनी गाडी ओढून नेते, यार्डात लावते आणि काही महिन्यांनी ती लिलावात निघते. बाजारभावापेक्षा ती स्वस्त पडते हे खरं. पण विक्री ‘जशी आहे तशी, जिथे आहे तिथे’ या अटीवर असते. घरी आणल्यावर गिअरबॉक्स गेलेला निघाला तर तक्रार ऐकायला कुणी नसतं. तरीही बिघडलेलं इंजिन पैसे ओतून नीट करता येतं. अडकलेली आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, कुठल्याच गॅरेजात दुरुस्त होत नाही, म्हणून सुरुवात कागदांपासून करा.

लिलावाच्या यादीत गाडीपुढे ‘आरसी आहे’ किंवा ‘आरसी नाही’ असं लिहिलेलं असतं. किमतीच्या आधी ते वाचा. मग गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकून नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा, कर, बोजा (गाडीवरच्या कर्जाची नोंद) आणि ब्लॅकलिस्टची नोंद बघा. बोजा लिलाव करणाऱ्या कंपनीच्या नावावरच हवा. दुसऱ्याच बँकेचं नाव दिसलं तर लेखी खुलासा मिळेपर्यंत बोली लावू नका. थकलेली ई-चलानंही आत्ताच मोजून ठेवा. ती भरल्याशिवाय हस्तांतराचं काम पुढे सरकत नाही आणि ती कोण भरणार हे लिलावाच्या अटींत लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा तो खर्च घेणाऱ्यावरच येतो.

साध्या व्यवहारात जुना मालक मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करतो. इथे तो सही करायला येईल ही आशाच सोडा. त्यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१(५) मध्ये सोय आहे: फायनान्स कंपनी फॉर्म ३६ भरून आरटीओकडून स्वतःच्या नावावर नवी आरसी घेते आणि मग गाडी तुमच्या नावावर करून देते. यात वेळ जातो आणि नोंदीत मध्येच एक मालक वाढतो, म्हणून बोली लावतानाच तेवढी किंमत कमी धरा. हे काम कंपनी स्वतः करून देणार की तुमच्यावर सोडणार, हे तोंडी ऐकून घेऊ नका, ईमेलवर मागा. आरसी मिळाली तरी बोजा उतरवायला कंपनीची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ लागतोच.

सरकारी खात्याच्या जाहीर लिलावात घेतलेल्या गाडीचा रस्ता वेगळा. तिथे ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत आरटीओला मालकी बदलाचा फॉर्म ३२ द्यायचा असतो, सोबत विक्री तुमच्या नावे कायम झाल्याचा आदेश आणि लिलावाला मंजुरी देणाऱ्या आदेशाची प्रमाणित प्रत. ही प्रत लिलावाच्या दिवशीच मागून घ्या. नंतर त्याच कागदासाठी त्या कार्यालयाचे खेटे घालावे लागतात.

दिल्ली पासिंगच्या गाड्या यादीत फार स्वस्त दिसतात. तिकडे जुन्या डिझेल आणि पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत, त्यामुळे त्यांना भाव नाही. पण महाराष्ट्रात कायमची आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, इकडचा कर आणि एमएच नंबर हे सगळं करावं लागतं. पहिल्यांदाच लिलावातून गाडी घेणाऱ्याने या भानगडीत पडू नये. विमा कंपनीने ‘टोटल लॉस’, म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही अशा, ठरवलेल्या गाड्यांपासूनही लांबच राहा. त्यातल्या काही फक्त भंगारासाठी विकलेल्या असतात.

कागद पटले तरच यार्डात जा, आणि मेकॅनिकला घेऊनच जा. चालवून बघायला बहुधा देत नाहीत. फार तर यार्डवाल्यासमोर इंजिन चालू करता येतं. बॅटरी बहुधा उतरलेली असते, म्हणून जम्पर केबल, टॉर्च, मोबाइलला जोडायचा, गाडीतले दोष वाचणारा ओबीडी स्कॅनर आणि जमलं तर रंगाची जाडी मोजणारं मीटर बरोबर ठेवा.

आधी चासीवर कोरलेला नंबर शोधा आणि आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा. आजूबाजूचा पत्रा घासलेला किंवा नव्याने रंगवलेला असेल तर तिथूनच परत फिरा. मग रंग. कंपनीचा मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. एखाद्या दारावर आकडा ३०० च्या वर गेला तर ते पुन्हा रंगवलेलं आहे, आणि हजाराच्या पुढे गेला तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. बंपर प्लास्टिकचा, तिथे असलं मीटर चालत नाही. दार रंगवलेलं असणं मोठी गोष्ट नाही. दाराचे खांब, बॉनेटखालचे ॲप्रन (चाकांवरचे आतले पत्रे) आणि रेडिएटरचा पॅनेल इथे वेल्डिंग किंवा ताजं सीलंट दिसलं तर गाडी जोरात ठोकलेली आहे.

पाण्यात बुडालेली गाडी वरून चकचकीत करून उभी करतात, त्यामुळे ही तपासणी घाईत उरकू नका. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. साधारणपणे गुंडाळलेल्या राहणाऱ्या भागावर मातकट रेघ दिसली तर पाणी आत आलं होतं. मग सीटच्या रुळांचे बोल्ट, कार्पेटच्या खालची बाजू, डिकीत स्टेपनी काढून तिथला खळगा आणि डॅशबोर्डखालच्या वायरींचे जोड बघा. अशा गाडीची वायरिंग आतून हळूहळू गंजते आणि दोष महिन्यांनी वर येतो.

चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. मुळीच लागला नाही तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. टायरवरचे चार आकडे बघा: ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. उभ्या गाडीत उंदीर इंजिनाजवळची वायरिंग कुरतडतात, क्लच प्लेट चिकटते आणि ब्रेकची डिस्क गंजते. ओढून आणलेल्या गाडीतून बॅटरी, स्टेपनी, म्युझिक सिस्टीम गायब असू शकते, तर कधीकधी इंजिनाचा ईसीएमच (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) नसतो. चाव्या किती आहेत तेही विचारा. इमोबिलायझरची (चिप असलेली, चोरी रोखणारी) नवी चावी काही हजारांत जाते.

आता बोलीचा आकडा. उदाहरणापुरतं धरा, तशीच चालती गाडी बाजारात ३,५०,००० रुपयांना मिळते. त्यातून चार टायर १८,०००, बॅटरी ५,०००, ऑइल-फिल्टर-कूलंट-ब्रेक १०,०००, चावी ६,०००, विमा १२,०००, हस्तांतर आणि एचएसआरपी (सुरक्षित नंबर पाटी) ८,०००, टोइंग ४,०००, लिलाव शुल्क आणि यार्डभाडं १२,००० वजा करा. हे झाले ७५,०००. न दिसलेल्या दुरुस्तीसाठी आणखी दहा टक्के, म्हणजे ३५,००० बाजूला ठेवा. उरले २,४०,०००. तुमची बोली इथे थांबते. बोलीच्या रकमेवर जीएसटी वेगळा लागणार का, हेही आधी विचारा, कारण लागणार असेल तर हा आकडा आणखी खाली येतो. गाडी १० लाखांच्या वरची असेल तर १ टक्का टीसीएसही (विकणारा आधीच कापून घेतो तो आयकर) भरावा लागतो.

बोलीआधी अनामत भरावी लागते. ती कंपनीच्याच खात्यात भरा. कुणा एजंटच्या वैयक्तिक खात्यावर किंवा यूपीआयवर मागितली तर तो लिलाव खोटा समजा. सर्वात मोठी बोली तुमची असली तरी गाडी लगेच तुमची होत नाही. बँकेची मंजुरी यावी लागते, आणि त्याआधी कर्जदाराने थकबाकी भरली तर गाडी लिलावातून मागे घेतली जाते. मंजुरीनंतर मुदतीत पैसे भरले नाहीत तर अनामत जाते, वर यार्डभाडं दिवसाच्या हिशेबाने चढतं. म्हणून रक्कम तयार असल्याशिवाय बोलीला बसू नका.

ताबा घेताना रिलीज लेटर (गाडी सोडण्याचं पत्र), विक्रीचं पत्र आणि यार्डाची वस्तूयादी घ्या. यादीतल्या वस्तू गाडीत आहेत का ते तिथेच मोजून फोटो काढा. विमा संपलेला असेल तर गाडी चालवत आणू नका, टोइंग करून आणा. विमा चालू असेल तर तो १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करण्यासाठी अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याची सूट) तुम्हाला मिळत नाही. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर एचएसआरपी बसवलेली आहे का बघा. नसेल तर तीही लगेच नोंदवा, कारण त्या पाटीशिवाय आरटीओत हस्तांतराचं काम अडतं.