मोठ्या इंजिनासाठी डर्ट बाइकची फ्रेम निवडताना

डर्ट बाइकमध्ये, म्हणजे कच्च्या वाटांवरच्या गाडीत, दुसऱ्या गाडीचे मोठे इंजिन बसवण्यासाठी फ्रेम पाहायला गेल्यावर बहुतेक जण इंजिन मोकळ्या जागेत मावते का, एवढेच पाहतात. माझ्या मते ही गोष्ट शेवटी पाहावी, कारण जागा थोडीफार करून घेता येते. पण पुढचे स्प्रॉकेट, म्हणजे चेनचे दातेरी चक्र, मागचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या (स्विंगआर्मच्या) बोल्टापासून किती अंतरावर आणि किती उंचीवर येणार, हे फ्रेम घेताक्षणीच जवळजवळ ठरून जाते.

डर्ट बाइकच्या मागच्या सस्पेन्शनची हालचाल लांब असते. पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, चिमट्याचा बोल्ट आणि मागच्या चाकाचा अ‍ॅक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वाधिक ताणली जाते आणि त्या स्थितीच्या वर-खाली ती सैल पडते. स्प्रॉकेट बोल्टापासून जितके दूर, तितका हा फरक वाढतो. मग चेन उडी घेतल्यावर निसटते, किंवा ढिली ठेवली नाही तर बेअरिंग खाते. म्हणून इंजिन ज्या गाडीतून काढणार, त्या गाडीवरच तीन मापे घ्यावीत: स्प्रॉकेटच्या मध्यापासून बोल्टाच्या मध्यापर्यंतचे अंतर, त्यांच्या उंचीतील फरक आणि गाडीच्या मध्यरेषेपासून चेनचे अंतर. नव्या फ्रेममध्ये पहिले माप दोन-तीन सेंटिमीटरहून अधिक वाढत असेल, तर ती कितीही स्वस्त असली तरी मी सोडून देईन. आणखी एक अडचण अशी की अनेक मोटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींच्या) इंजिनांत चिमट्याचा हा बोल्ट क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाच्या, मागच्या भागातून आरपार जातो, तर आपल्याकडच्या बहुतेक एअरकूल्ड (हवेने थंड होणाऱ्या) इंजिनांत तसे नसते. त्यामुळे पहिल्या प्रकारच्या फ्रेममध्ये दुसऱ्या प्रकारचे इंजिन बसवल्यास बोल्टाला मधला आधारच उरत नाही.

यानंतर फ्रेमची जात पाहावी. क्रेडल फ्रेमच्या नळ्या इंजिनाच्या खालून जातात आणि भार स्वतः पेलतात, म्हणून माउंटिंगच्या, म्हणजे इंजिन अडकवायच्या, पट्ट्या नव्याने बनवणे तिथे सोपे जाते. डायमंड फ्रेममध्ये खालच्या नळीची जागा इंजिनच घेते. अशा फ्रेममध्ये परके इंजिन घालायचे तर त्याच्या क्रँककेसवर तो भार घेण्याजोगी माउंटिंग असायला हवीत. २०११ साली आलेल्या हिरो इम्पल्सच्या १४९ सीसी इंजिनाच्या जागी करिझ्मा या गाडीचे २२३ सीसी इंजिन बसवण्याकडे आपल्याकडचे हौशी वळले, कारण एकाच सिलिंडरचे हे एअरकूल्ड इंजिन आकाराने त्या फ्रेमच्या आवाक्यातले आहे. होंडाने १९९७ साली सीआर २५० आर या मोटोक्रॉस गाडीला अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम दिली, पण सीआर ५०० आर शेवटपर्यंत स्टीलवरच राहिली. तेव्हा अमेरिकेतल्या कारागिरांनी पाचशेचे इंजिन अडीचशेच्या फ्रेममध्ये बसवले. त्यांचे काम मला फार आवडते, तरी पहिल्याच प्रयत्नाला स्टीलच घ्यावे, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या वेल्डिंगलगतचा भाग उष्णतेने मऊ पडतो आणि ती ताकद परत आणणे साध्या गॅरेजचे काम नाही.

जागेची तपासणी भंगारातून आणलेली रिकामी क्रँककेस आणि हेड जोडून करावी. पुढचे सस्पेन्शन पूर्ण दाबल्यावर टायर एक्झॉस्टच्या बाकाला लागता कामा नये, शिवाय चिखलासाठी बोटभर जागा उरायला हवी. टॅपेट सेट करायला, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवायला, इंजिन खाली उतरवावे लागत असेल, तर ती मांडणी चुकीची समजावी.

कुर्ल्याच्या किंवा चोर बाजारातल्या जुन्या मालात फ्रेम शोधताना मुंबईची खारी, दमट हवा लक्षात ठेवावी. गंज बाहेरून दिसतो त्याहून अधिक नळीच्या आत असतो. खालच्या नळ्यांवर पेचकसाच्या मुठीने ठोकत जावे, जिथे आवाज बसका येईल तिथे पत्रा पातळ झालेला असू शकतो. हेडस्टॉक (हँडल जिच्यात फिरते ती पुढची नळी) आणि जुन्या माउंटिंगच्या कडेला ताजा रंग असेल तर तो खरवडून पाहू द्यावा, अशी मागणी करावी. शंका राहिल्यास डाय पेनिट्रंटची, म्हणजे तडीत शिरणाऱ्या रंगाची, फवारणी करावी, म्हणजे केसासारखी तडसुद्धा पांढऱ्या थरावर लाल रेघ होऊन उमटते. हेडस्टॉकपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत दोरी ताणून फ्रेम वाकलेली नाही, याचीही खात्री करावी.

चेसिस नंबर स्पष्ट वाचता यावा आणि विकणाऱ्याकडच्या कागदांशी जुळावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तीच भूमिका घेतली. त्यामुळे अशी गाडी रस्त्यावर न चालवता टेम्पोत घालून खाजगी मैदानावर किंवा ट्रॅकवर न्यायची, हे फ्रेम घेण्याआधीच घरात आणि गॅरेजवाल्याशी बोलून ठरवावे, आणि तसे ठरल्यास दिवे, इंडिकेटर, मागच्या सीटचा सांगाडा यांसाठी जास्त पैसे मोजू नयेत.