परदेशातून देणगी येतेय? ठाणे-नवी मुंबईतल्या संस्थांनो, या चुका टाळा

नौपाड्यातलं वाचनालय असो की ऐरोलीतली अभ्यासिका, दहशतवाद्यांच्या पैशाचा विषय निघाला की विश्वस्त म्हणतात, "आमचा काय संबंध?" पहिली चूक हीच. 2001 मध्ये अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर काळा पैसा आणि दहशतवाद्यांचा पैसा रोखण्यासाठी काम करणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय गटाने धर्मादाय संस्थांच्या गैरवापरावर खास शिफारस केली. ती आज आठवी शिफारस म्हणून ओळखली जाते. भारत 2010 पासून या गटाचा सदस्य आहे. बँक तुमच्याकडे जादा कागद मागते, त्यामागे हेही एक कारण आहे.

सगळ्यात जास्त गोंधळ परदेशी देणगीचा. न्यू जर्सीतला पुतण्या भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर एफसीआरएनुसार, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्यानुसार, ती परदेशी देणगी नव्हे. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असो वा नसो, ठाण्यात येऊन रुपयांत दिलेली रक्कमही परदेशी देणगी ठरते. या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ती घेणं गुन्हा आहे. म्हणून आधी पासपोर्टची प्रत मागा. घरचा माणूस आहे म्हणून संकोचू नका.

नोंदणी असलेल्यांनीही ही रक्कम वाशीच्या नेहमीच्या खात्यात थेट घेऊ नये. ती आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच यावी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही, मग गरज कितीही खरी असो.

पावतीपुस्तक ओळखीच्या माणसाला वापरायला देऊ नका. चांगल्या संस्थेचं नाव पुढे करून पैसा भलतीकडे नेणं, ही गैरवापराची जुनी रीत आहे.

खातं अडकलं तर आधी दोन गोष्टी तपासा: दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवरची नोंद, आणि विश्वस्त बदलल्यावर 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यायचा बदल अर्ज. बँकेतली आणि तिथली नावं जुळत नसतील, तर शंका येणारच.

पण प्रत्येक संस्थेकडे संशयाने पाहणं हीसुद्धा चूकच, आणि ती मला जास्त सलते. एफएटीएफने 2016 आणि 2023 मध्ये ही शिफारस सुधारताना धोक्याच्या प्रमाणातच उपाय करा, प्रामाणिक काम अडवू नका, असं बजावलं. 2024 च्या अहवालात याच शिफारशीवर भारताला 'अंशतः पूर्तता' असा शेरा मिळाला. त्यामुळे कागद पुरे असूनही बँक अडवत असेल, तर लेखी तक्रार करून पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.