ढालीवरचं कुलचिन्ह वाचायचं कसं

युरोपातल्या जुन्या ढालीवरचं चिन्ह डोळ्यांनी समोरून बघायचं, पण विचार ढालीच्या मागे उभं राहून करायचा. ढाल धरणाऱ्याची उजवी बाजू ती 'डेक्स्टर', डावी ती 'सिनिस्टर'. म्हणजे आपल्याला डावीकडे दिसतं ते वर्णनात उजवं. नवशिके सर्वांत जास्त अडखळतात ते इथेच.

ढालीवरचा प्राणी सहसा डेक्स्टरकडे, म्हणजे आपल्या डावीकडे, तोंड करून असतो. विरुद्ध दिशेला वळलेला दिसला तर आधी फोटोच डावं-उजवं उलटून छापलेला नाही ना, ते बघा; आसपास अक्षरं असतील तर लगेच कळतं. पती-पत्नीच्या ढाली शेजारीशेजारी असतील, तर जर्मन प्रथेत पतीच्या ढालीवरचा प्राणी मुद्दाम पत्नीकडे वळवलेला असतो. ती चूक नव्हे.

मग आकार. मधोमध लोखंडी घुमट असेल तर ती ढाल मुठीत धरायची: फळ्यांना मध्ये भोक, मागून आडवी मूठ आणि बोटांच्या रक्षणाला पुढून घुमट. नॉर्वेतल्या गोकस्टाड या व्हायकिंग काळातल्या जहाजाबरोबर मिळालेल्या 64 गोल ढाली याच जातीच्या, काळ्या आणि पिवळ्या रंगवलेल्या. त्या पिढीजात चिन्हांच्या आधीच्या, त्यामुळे त्यांवर घराण्याचं चिन्ह शोधण्यात वेळ घालवू नका. 11व्या शतकातली वर गोल, खाली निमुळती लांब ढाल पट्ट्यांनी हातावर चढे आणि घोडेस्वाराचा डावा पायही झाके. पुढे पायांनाच चांगलं चिलखत मिळालं, तशी ढाल आखूड झाली आणि 13व्या शतकात तिला वर सपाट, खाली टोकदार असा इस्त्रीच्या तळासारखा आकार आला. वरच्या कोपऱ्यात खाच दिसली तर ती भाला टेकवण्यासाठी. मात्र आकारावरून काळ ठरवायचा तो प्रत्यक्ष वापरातल्या ढालीचा. नंतरचे चित्रकार आणि गवंडी हवा तो जुना आकार उचलत.

चिन्ह पिढीजात कधी झालं, याचा हाताशी असलेला पुरावा म्हणजे फ्रान्समधल्या आंजूचा काउंट (सरदार) जोफ्री. तो 1151 मध्ये वारला. ल माँ इथल्या त्याच्या मीनाकारी थडगेपटावर निळ्या ढालीवर सोनेरी सिंह आहेत. 1226 मध्ये वारलेला त्याचा नातू विल्यम लाँगस्पे याच्या इंग्लंडमधल्या सॉल्झबरीतल्या थडग्यावरही तेच सिंह.

आता रंग. धातू दोन: सोनं (पिवळा) आणि चांदी (पांढरा). मुख्य रंग पाच: लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा. शिवाय अर्मिनसारखे (पांढऱ्यावर काळ्या खुणा) फरचे नमुने. नियम असा की धातूवर धातू किंवा रंगावर रंग ठेवायचा नाही. पिवळ्यावर पांढरं लांबून ओळखू येत नाही. फरला हा नियम लागत नाही. जेरुसलेमच्या राज्याचा चांदीवर सोनेरी क्रॉस हा प्रसिद्ध अपवाद. पण जुन्या चित्रात निळ्यावर काळं दिसलं की अपवाद समजून मोकळे होऊ नका. चांदीचा वर्ख काळा पडतो. बहुतेकदा तिथे मुळात पांढरं असतं.

कोरीव कामात रंग नसले तर रेषा बघा. ठिपके म्हणजे सोनं, कोरं म्हणजे चांदी, उभ्या रेषा लाल, आडव्या निळा, उभ्या-आडव्यांची जाळी काळा. आपल्या डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरणाऱ्या तिरक्या रेषा हिरवा, त्याच्या उलट जांभळा. ही पद्धत पेत्रा सांक्ता या जेझुइट लेखकाच्या 1638 च्या ग्रंथामुळे रुळली. 15व्या शतकातल्या दगडावरच्या रेषांना हे कोष्टक लावलं, तर तुम्ही छिन्नीच्या खुणा वाचत बसाल.

वर्णनाचा क्रम ठरलेला: आधी जमीन (ढालीचा पार्श्वरंग), मग मुख्य आकृती, मग बाजूच्या आकृत्या, शेवटी वरून चढवलेली खूण. इंग्लंडमधल्या कँटरबरीत ब्लॅक प्रिन्सचं, म्हणजे 1376 मध्ये वारलेल्या इंग्लंडच्या राजपुत्राचं, थडगं आहे. त्याच्या युद्धात वापरायच्या चिन्हाची ढाल घेऊन सराव करा. ढालीचे चार भाग. पहिला आपल्या डावीकडे वर, दुसरा उजवीकडे वर, तिसरा डावीकडे खाली, चौथा उजवीकडे खाली. पहिल्या-चौथ्यात निळ्या जमिनीवर सोनेरी लिलीचे बुट्टे (फ्रान्स). दुसऱ्या-तिसऱ्यात लाल जमिनीवर एकाखाली एक तीन सोनेरी सिंह, चालणारे, तोंड आपल्याकडे (इंग्लंड). या सगळ्यावर तीन टोकांची पांढरी पट्टी: थोरल्या मुलाची खूण. पट्टी सांगायची राहिली तर ती ढाल बापाची, राजा एडवर्ड तिसऱ्याची, होते.

'लाल म्हणजे शौर्य, निळा म्हणजे निष्ठा' असल्या याद्या बाजूला ठेवा. त्या नंतर जोडलेल्या आहेत. नावावरून घेतलेलं चिन्ह मात्र खरंच भेटतं: कास्तीलचा किल्ला, लेओनचा सिंह. आणि इंग्लंडमध्ये चिन्ह आडनावाचं नसतं, ठरावीक माणसाचं आणि त्याच्या वारसांचं असतं. त्यामुळे आडनाव सांगून विकत घेतलेल्या ढालीचा वंशावळीत काही उपयोग नाही.

वाचन बरोबर आलं का, हे तपासायला तुमचं वर्णन दुसऱ्याला द्या आणि मूळ न दाखवता काढायला सांगा. निळ्याची छटा किंवा सिंहाच्या शेपटीचं वळण वेगळं आलं तर हरकत नाही. सिंहांची संख्या, त्यांची ठेवण किंवा तोंडाची दिशा बदलली, तर वर्णन पुन्हा लिहा.