उंच झेल सुटतोय? या चुका टाळा

चेंडू आकाशात चढला की बरेच फिल्डर अंदाजाने एक जागा गाठतात आणि वर बघत उभे राहतात. झेल सुटायला इथेच सुरुवात होते. चेंडू कुठे पडणार हे आधी ठरवायची गरजच नसते, धावता धावता नजर ते गणित सोडवत असते.

ते गणित भौतिकशास्त्रज्ञ सेव्हिल चॅपमन यांनी १९६८ मध्ये बेसबॉलसाठी मांडलं. चेंडूमागे आपली नजर वर चढत जाते. चढण्याचा वेग वाढतोय असं वाटलं तर चेंडू डोक्यावरून जाणार, म्हणून मागे जा. नजर मंदावली तर तो पुढ्यात पडणार, म्हणून पुढे या. नजर एका लयीत चढत राहील असं धावलात की तुम्ही आणि चेंडू एकाच वेळी एका जागी पोहोचता. शाळेत पाय न ठेवलेला पोरगाही हे बिनचूक करतो, याचं मला फार अप्रूप आहे.

सरळ अंगावर आलेला चेंडू सर्वांत फसवा, कारण बाजूने त्याचा मार्ग दिसतच नाही. अशा वेळी घाईने पुढे पाऊल टाकू नका. क्षणभर थांबा, नजरेला कौल देऊ द्या.

मागे जाताना उलटं पळू नका. डोकं हलतं, नजरेची लय तुटते, टाच अडकते. वळा आणि खांद्यावरून बघत धावा. १९८३ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात रिचर्ड्सचा झेल कपिलदेवने असाच मागे धावत घेतला.

हात कडक ठेवणं ही पुढची चूक. वीस मीटरवरून पडणारा सीझन बॉल, म्हणजे सामन्यातला कडक चामडी चेंडू, ताशी ६० किलोमीटरहून जास्त वेगाने हातात येतो. हात पाचच सेंटीमीटर मागे गेले, तर तळव्यांवर सरासरी पन्नास किलो वजनाइतका जोर येतो. वीस सेंटीमीटर जाऊ दिले तर तोच जोर पाव होतो.

आणि फक्त टेनिस बॉलवर सराव नको. तो हलका, हवेत लवकर मंदावतो आणि जास्त उभा खाली येतो. नजरेला तीच सवय लागली की सीझन बॉल डोक्यावरून जातो. सामन्याच्या आठवड्यात उंच झेल सीझन बॉलवरच घ्या, आणि चेंडू फेकणाऱ्याला सांगा, एकही जागेवर देऊ नकोस.