आलेखावरून रेषेचे समीकरण काढताना या चुका टाळा

ठाण्यात दहावीच्या मुलांना शिकवताना मी रिक्षाच्या मीटरभाड्याचा आलेख हमखास फळ्यावर काढतो. १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरानुसार पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला १७.१४ रुपये पडतात. त्यामुळे रेषा दीड किलोमीटरपर्यंत आडवी जाते आणि तिथून वर चढते. या चढत्या भागाचे समीकरण 'य = मक्ष + क' या रूपात (क्ष म्हणजे अंतर, य म्हणजे भाडे, म म्हणजे रेषेचा चढ, म्हणजे क्ष एकने वाढल्यावर य जितका वाढतो तो) विचारले, की बरीच मुले 'य = १७.१४क्ष + २६' असे लिहून मोकळी होतात.

यात चढ बरोबर आहे, चूक 'क' मध्ये आहे. रेषा जिथे सुरू झालेली दिसते तिथली उंची म्हणजे 'क' नव्हे. क्ष शून्य असताना, गरज पडल्यास मागे वाढवलेली रेषा य-अक्षाला जिथे छेदते, तिथली किंमत म्हणजे 'क'. (१.५, २६) हा बिंदू समीकरणात घातला, तर २६ = २५.७१ + क, म्हणजे क अवघा ०.२९ येतो. मुलांच्या समीकरणाने मात्र दीड किलोमीटरचे भाडे ५१.७१ रुपये होते, आणि रोज स्टेशनवरून रिक्षाने येणाऱ्या मुलांना मग वेगळे काही समजवावे लागत नाही. आलेखातला य-अक्ष शून्याऐवजी २० पासून सुरू केलेला असेल, तरीही नेमकी हीच फसगत होते.

दुसरी चूक प्रमाणाची. आडव्या अक्षावर १ सेमी = १ किमी आणि उभ्या अक्षावर १ सेमी = १० रुपये असे प्रमाण असताना (१.५, २६) आणि (५, ८६) या बिंदूंमधले नुसते सेंटिमीटर मोजले, तर चढ ६ ÷ ३.५, म्हणजे १.७१ येतो, अक्षांवरच्या किमती वाचल्या, तर ६० ÷ ३.५, म्हणजे १७.१४. बिंदू एकमेकांपासून लांबचे घ्यावेत, कारण जवळच्या बिंदूंत वाचनातली अर्ध्या घराची चूकही चढ बिघडवते.

उतरत्या रेषेत चिन्ह चुकते. गच्चीवरच्या टाकीत सुरुवातीला १० हजार लिटर आणि ४ तासांनी २ हजार लिटर पाणी असेल, तर चढ (२ − १०) ÷ (४ − ०) = −२ हजार; वर एक क्रम आणि खाली उलटा क्रम धरला, की टाकी आपोआप भरू लागते. उभ्या रेषेला चढच नसतो, तिथे फक्त 'क्ष = ३' असे लिहावे.

उत्तर ताडण्यासाठी वापरलेले दोन बिंदू पुन्हा घालू नयेत, रेषेवरचा तिसरा घ्यावा: १० किलोमीटरला आपले समीकरण १७१.६९ देते, आणि आलेखावरची रेषाही तिथे १७२ च्या किंचित खालीच असते.